घरमालक नाही म्हणतो, सोसायटी रॅम्प अडवते: दिव्यांग व्यक्तीने घरासाठी कायदा कुठे आणि कसा वापरायचा

प्रश्न पाचोऱ्याकडच्या एका ताईंचा आहे. त्यांचा भाऊ पोलिओमुळे व्हीलचेअर वापरतो. जळगावला नोकरी लागल्यावर त्याने तळमजल्याच्या दोन खोल्या ठरवल्या, पण मालकाने खुर्ची पाहिली आणि "तुम्हाला इथे जमायचं नाही" म्हणून अनामत परत केली. पुढे कर्ज काढून लिफ्टच्या इमारतीत फ्लॅट घेतला, तर पार्किंगपासून लिफ्टपर्यंत चार पायऱ्या आहेत आणि सोसायटी रॅम्प करू देत नाही. शिवाय नंदुरबार जिल्ह्यातल्या त्यांच्या मावसबहिणीला सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे. तिने घरकुल मागितलं तेव्हा "हे अपंगत्वात येत नाही" असं तोंडी उत्तर मिळालं. या तिघांविरुद्ध कायद्यात काही आहे का, असं ताईंनी विचारलं आहे.

आहे. पण तिन्ही ठिकाणी त्याचा जोर सारखा नाही. सरकारी योजनेविरुद्ध तो सगळ्यात जास्त, सोसायटी आणि बिल्डरविरुद्ध बऱ्यापैकी, आणि एकट्या घरमालकाविरुद्ध सगळ्यात कमी. राग मात्र बहुतेकांना घरमालकाचा येतो आणि सगळी शक्ती तिथेच खर्च होते. म्हणून आधी हा फरक समजून घ्या.

मुख्य कायदा म्हणजे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. कलम ३ सांगतं की दिव्यांगत्वाच्या कारणावरून भेदभाव करता येणार नाही. अपवाद एकच, योग्य उद्देशासाठी तेवढ्यास तेवढं आवश्यक कृत्य असेल तर, आणि ते तसं आहे हे भेदभाव करणाऱ्याने दाखवायचं. कलम २ मधली भेदभावाची व्याख्या त्याहून महत्त्वाची. 'वाजवी सोय' नाकारणं हासुद्धा भेदभावच, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. वाजवी सोय म्हणजे त्या व्यक्तीच्या गरजेपुरता केलेला योग्य बदल, जो करताना समोरच्यावर अवाजवी बोजा पडत नाही.

इथे एक गैरसमज जिल्हाभर पसरलेला दिसतो: दाखल्यावर ४० टक्के नसतील तर कायदा लागूच होत नाही. हे चूक आहे. ४० टक्क्यांची अट आरक्षण आणि योजनांसाठी आहे. भेदभावापासून संरक्षण आणि वाजवी सोय मागण्यासाठी ती अट नाही. विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हे स्पष्ट केलं. तिथे प्रश्न परीक्षेतल्या लेखनिकाचा होता, पण तत्त्व तेच. युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) पांढरं असलं (४० च्या खाली), तरी सोसायटीकडे रॅम्प मागता येतो. पिवळं (४० ते ७९) किंवा निळं (८० आणि पुढे) असेल तर घरकुलाचं आरक्षणही मिळतं.

घरमालकाचं प्रकरण

खरं सांगायचं तर खाजगी घर भाड्याने देताना दिव्यांगांना नाकारू नये, असं शब्दशः सांगणारं कलम या कायद्यात नाही. तुलना करून पाहा: एचआयव्हीबाबतच्या २०१७ च्या कायद्यात राहण्याचा, घर विकत किंवा भाड्याने घेण्याचा हक्क नाकारणं हा भेदभाव आहे, असं घराचं नाव घेऊन लिहिलं आहे. दिव्यांग कायद्यात तसं नाही. कलम ३ ची भाषा व्यापक आहे, कोणी भेदभाव करायचा नाही ते त्यात नेमून दिलेलं नाही, त्यामुळे घरमालकावर ते लागतं असा युक्तिवाद करता येतो. कायद्याचा भंग करणाऱ्या 'कोणत्याही व्यक्तीला' पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत आणि पुढच्या वेळी ५०,००० ते ५ लाख रुपये दंड, असं कलम ८९ म्हणतं. मात्र नाकारलेलं घर त्यातून तुमच्या हाती येत नाही, आणि मालक "नातेवाईकाला दिलं" म्हणून मोकळा होतो. दुसरं घर मिळत असेल तर या भांडणात वेळ घालवू नये, असं माझं मत आहे. दलालाच्या मेसेजमध्ये "अपंग नको" असं लिखित असेल तर मात्र जपून ठेवा आणि राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार जरूर करा.

कायद्याचा खरा उपयोग घर मिळाल्यानंतर होतो. चार गोष्टी सांभाळा.

करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, उलटं सिद्ध होईपर्यंत. अकरा महिन्यांचा करार असला तरी नोंदणी लागते. "अकरा महिन्यांला काय नोंदणी" हे ऐकून घेऊ नका.

रॅम्प, पकडदांडा, कमोड यांची परवानगी करारातच लिहून घ्या. कारण बारीक आहे पण महागात पडतं. त्याच कायद्याच्या कलम १६ नुसार मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमचं बांधकाम केलं, तर ते घर रिकामं करून घेण्याचं कारण ठरतं. कोणत्या गोष्टी कायमचं बांधकाम मानायच्या नाहीत याची यादी तिथे आहे: लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, दरवाजा, वाऱ्यासाठी खिडकी, एसी वगैरे. त्या यादीत रॅम्प नाही. त्यामुळे सिमेंटचा रॅम्प तोंडी होकारावर बांधला आणि पुढे मालकाशी बिनसलं, तर तोच रॅम्प तुमच्याविरुद्ध पुरावा होतो. एका-दोन पायऱ्या असतील तर फॅब्रिकेटरकडून चेकर्ड प्लेटचा उचलता येणारा उतार करून घ्या. तो सामान आहे, बांधकाम नाही. करारात एवढं वाक्य पुरतं: "भाडेकरूच्या दिव्यांगत्वामुळे प्रवेशद्वारी उतार, संडास-मोरीत पकडदांडे व कमोड बसवण्यास मालकाची संमती आहे, घर सोडताना भाडेकरू ते स्वखर्चाने काढून जागा पूर्ववत करेल."

मालकाने "मला घर लागतं" म्हणून दावा लावला, तर भाडेकरूच्या बाजूने दिव्यांगत्व मोजलं जातं. कलम १६ मध्येच तुलनात्मक अडचणीचा विचार करायला न्यायालयाला सांगितलं आहे. घर सोडल्याने जास्त हाल कोणाचे, हे ठरवताना तळमजला, कामाचं अंतर, दवाखाना, पर्यायी सुलभ घराची उपलब्धता हे सगळं कैफियतीत (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात) यायला हवं. वकील अनेकदा फक्त "प्रतिवादी अपंग आहे" एवढी एक ओळ लिहितात. त्याने काही होत नाही. एक सावधगिरी: हे संरक्षण भाडेकरूला आहे, लिव्ह अँड लायसन्सवर (ठरावीक मुदतीच्या परवान्यावर) राहणाऱ्याला मुदत संपल्यावर ते मिळत नाही.

चौथं: पाणी, वीज, लिफ्ट बंद करून बाहेर काढण्याचा प्रयत्न झाला, तर कलम २९ खाली न्यायालयात दाद मागता येते. व्हीलचेअरवरच्या माणसासाठी लिफ्ट बंद म्हणजे घरात कोंडणंच, हे अर्जात स्पष्ट लिहा.

सोसायटी आणि त्या चार पायऱ्या

इथे बाजू मजबूत आहे. दिव्यांग कायद्यातल्या 'खाजगी आस्थापना' या व्याख्येत कंपनी, फर्म यांच्यासोबत सहकारी संस्था, संघ आणि ट्रस्टही आहेत. त्यामुळे गृहनिर्माण सोसायटी, अपार्टमेंट असोसिएशन किंवा देवस्थानच्या ट्रस्टची चाळ, कोणीही "आम्ही खाजगी आहोत, कायदा सरकारी ऑफिसला आहे" असं म्हणू शकत नाही.

पण वाजवी सोय नाकारली हे सिद्ध करायला ती मागितली होती हे आधी सिद्ध व्हावं लागतं. बहुतेक प्रकरणं इथेच कोसळतात. चेअरमनला जिन्यात भेटून सांगितलं, व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद झाला, वार्षिक सभेत आरडाओरडा झाला, आणि कागद एकही नाही. अर्ज सेक्रेटरीच्या नावाने, दोन प्रतींत द्या आणि एकीवर तारखेसह पोच घ्या. घेत नसतील तर पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा. मजकूर असा असू द्या:

"मी फ्लॅट क्र. … चा सभासद असून व्हीलचेअर वापरतो. पार्किंगपासून लिफ्टपर्यंत चार पायऱ्या (एकूण उंची … सेंमी) असल्याने मला स्वतंत्रपणे घरी जाता-येता येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३ खाली वाजवी सोय म्हणून सोबतच्या नकाशाप्रमाणे रॅम्प व लिफ्टजवळची एक पार्किंगची जागा द्यावी. निर्णय ३० दिवसांत लेखी कळवावा. नकार असल्यास कारणे द्यावीत."

सोबत युडीआयडीची प्रत, जागेचे फोटो आणि मोजमाप जोडा. मोजमापाशिवायचा अर्ज फेटाळणं सोपं असतं, म्हणून तेही इथेच करून घेऊ. रॅम्पचा उतार जास्तीत जास्त १:१२ असावा. चार पायऱ्या, प्रत्येकी १५ सेंमी, म्हणजे ६० सेंमी उंची. तर लांबी ७.२ मीटर. सरळ जागा नसेल तर मधे १.५ मीटरचा सपाट टप्पा देऊन तो वळवता येतो. रुंदी किमान १.२ मीटर. दोन्ही बाजूंना कठडा, आणि कडेला छोटी उभी पट्टी, नाहीतर पुढचं लहान चाक कडेवरून घसरतं.

सोसायट्या हमखास करतात ती चूक म्हणजे दुचाकी चढवायचा अडीच-तीन मीटरचा उतार दाखवून "हा घ्या रॅम्प" म्हणणं. ६० सेंमीला ३ मीटर म्हणजे १:५. त्यावर खुर्ची ढकलणाऱ्याचा दम जातो, आणि एकटा माणूस चढायला गेला तर खुर्ची मागे उलटते. दुसरी चूक गुळगुळीत टाइल्सची. पावसाच्या चार थेंबांत तिथे घसरगुंडी होते. खरखरीत कोबा किंवा आडव्या खाचांचं सिमेंट बरं. आणि आपल्याकडे मे महिन्यात उन्हात तापलेल्या स्टीलच्या कठड्याला हात लावता येत नाही. उघड्यावरच्या कठड्याला रबराचं किंवा पीव्हीसीचं वेष्टन आधीच अंदाजपत्रकात धरा.

खर्च कोणी करायचा? "करायचं तर स्वतःच्या पैशाने करा" हे उत्तर ठरलेलं असतं. याच कायद्याखालच्या केंद्राच्या २०१७ च्या नियमांतला नियम ३ सांगतो की वाजवी सोयीचा पूर्ण किंवा अंशतः खर्च दिव्यांग व्यक्तीवर कोणतीही आस्थापना लादू शकत नाही. हे पत्रात जरूर लिहा. तरीही फॅब्रिकेटरचं किंवा मिस्त्रीचं अंदाजपत्रक तुम्हीच आणून द्या. 'अवाजवी बोजा' हा सोसायटीचा एकमेव खरा बचाव असतो, आणि रंगकामाला किंवा कमानीला लाखो खर्च केलेल्या सोसायटीचा ताळेबंद शेजारी ठेवला की तो टिकत नाही. स्वखुशीने थोडा वाटा उचलून काम महिन्यात होणार असेल तर उचला. पण तसं करताना हक्क सोडत नाही, एवढं लिहून ठेवा.

बिल्डरकडेही बघायला विसरू नका. कलम ४४ प्रमाणे सुलभतेचे नियम पाळले नसतील तर आस्थापनेला बांधकाम परवानगी किंवा पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही. महापालिकेच्या नगररचना विभागातून माहिती अधिकारात (फी १० रुपये, मुदत ३० दिवस) मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र काढा. नकाशात रॅम्प असतो आणि जागेवर त्याच ठिकाणी दुकानाचं शटर किंवा वॉचमनची खोली असते, असं नेहमी सापडतं. तसं निघालं तर सोसायटीशी भांडण्याचं कारणच उरत नाही. मंजूर नकाशाप्रमाणे बांधलं नाही म्हणून महारेराकडे (राज्याच्या बांधकाम प्रकल्प नियामकाकडे) बिल्डरविरुद्ध ऑनलाइन तक्रार करता येते (फी ५,००० रुपये), प्रकल्प रेरात नोंदलेला असेल तर. रजिस्ट्री करण्याआधी हा नकाशा पाहिला असता तर पुष्कळ वाचलं असतं, म्हणून नवीन घर शोधणाऱ्यांनी आधी लिफ्टचं दार आणि तिथपर्यंतच्या पायऱ्या पाहाव्यात, मग मॉड्युलर किचन.

सोसायटीने महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा नकार दिला, तर दोन रस्ते. पहिला, पुण्याला राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार. वकील लागत नाही, तक्रार पोस्टानेही चालते. आयुक्तांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत: समन्स काढणं, कागद मागवणं, शपथपत्रावर पुरावा घेणं. नियम ३ प्रमाणे भेदभावाची तक्रार ६० दिवसांत निकाली काढायची आहे. प्रत्यक्षात जास्त वेळ धरून चला. मर्यादा ही की आयुक्त शिफारस करतात, हुकूमनामा देत नाहीत. दुसरा रस्ता सहकार न्यायालयाचा, सहकार कायद्याच्या कलम ९१ खाली. तिथे अंतरिम आदेश मिळू शकतो आणि त्याची अंमलबजावणी होते, पण तो सभासदासाठी आहे. भाऊ फ्लॅटचा मालक आहे, तर त्याने आधी शेअर सर्टिफिकेट स्वतःच्या नावावर झालंय का ते बघावं. दिव्यांग आहे म्हणून सभासदत्वच अडवत असतील, तर पुरेशा कारणाशिवाय ते नाकारता येत नाही. जिल्हा उपनिबंधकांकडे जा.

दोन्ही रस्ते एकदम धरू नका. आयुक्तांची शिफारस हातात असेल तर सहकार न्यायालयात ती वजनदार कागद ठरते, म्हणून क्रम तोच ठेवलेला बरा.

घरकुल

मावसबहिणीला दिलेलं उत्तर सरळ चुकीचं आहे. कायद्यातल्या २१ प्रकारांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया यांच्यासोबत सिकलसेल आजार नावासह आहे. नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार किती घरांत आहे हे सगळ्यांना माहीत असताना हे उत्तर दिलं जावं, याला काय म्हणायचं. एक भेद मात्र तपासा: आजार असलेला रुग्ण आणि फक्त वाहक यांत फरक आहे, वाहकाला दाखला मिळत नाही. युडीआयडीसाठी पोर्टलवर अर्ज करून जिल्हा रुग्णालयाच्या मंडळापुढे तपासणी होते. टक्केवारी ४० किंवा जास्त आली, की कलम ३७ लागू होतं: घर आणि शेतजमीन वाटपाच्या सर्व संबंधित योजनांत ५ टक्के आरक्षण, आणि त्यात दिव्यांग स्त्रियांना प्राधान्य. प्रधानमंत्री आवास असो की शबरी, योजनेचं नाव वेगळं म्हणून हे कलम चुकत नाही.

"कोटा संपला" हेही तोंडी ऐकून परत येऊ नका. गटविकास अधिकाऱ्यांकडे माहिती अधिकारात तीन गोष्टी मागा: तालुक्याचं त्या वर्षीचं घरकुलाचं एकूण उद्दिष्ट, त्यातली दिव्यांगांसाठी ठेवलेली संख्या, आणि त्या संख्येतल्या लाभार्थ्यांची गावनिहाय यादी. नंतर पंचायत समिती किंवा जिल्हा परिषदेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. कलम २३ प्रमाणे प्रत्येक सरकारी आस्थापनेत असा अधिकारी नेमलेला असावा लागतो, तक्रार नोंदवहीत यावी लागते आणि तिची चौकशी दोन आठवड्यांत व्हावी लागते. तिथे समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समिती आहे. सरकारी यंत्रणेविरुद्ध शेवटी उच्च न्यायालयाचं छत्रपती संभाजीनगर खंडपीठही आहे. खानदेशचे तिन्ही जिल्हे त्याच्याच अखत्यारीत येतात.

घरकुल मंजूर झालं की चौकटी बसवण्याआधी दारं बघा. घर २५ चौरस मीटरचं, त्यात संडासाला मिस्त्री सवयीने अडीच फुटी चौकट लावतो. चौकट आणि उघडलेलं दार वजा जाता जेमतेम खुर्चीएवढी जागा उरते आणि हाताची बोटं सोलवटतात. मोकळी जागा ९० सेंमी मिळेल अशी चौकट सांगा. उंबरठा ठेवायचाच असेल तर १२ मिमीपेक्षा उंच नको आणि कड उतरती करा. हे भिंत उभी राहण्याआधी फुकट होतं, नंतर तोडफोड होते.

अपमान आणि धमकी

सभेत किंवा पार्किंगमध्ये चारचौघांत "लंगड्या" म्हणून हिणवलं, घालवून देण्याची धमकी दिली, तर तो फक्त सोसायटीचा वाद राहत नाही. दिव्यांग व्यक्तीला लोकांच्या नजरेसमोर अपमानित करण्याच्या हेतूने हिणवणं किंवा धमकावणं, तसंच तिच्या सहाय्यक साधनाचं नुकसान करणं, यांना कलम ९२ मध्ये सहा महिने ते पाच वर्षे कैद आणि दंड आहे. खटला सत्र न्यायालयात चालतो. पोलीस ठाण्यात अनेकदा अदखलपात्र नोंद करून परत पाठवतात, कारण हे कलम तिथे फार कोणाच्या वापरात नाही. कलमाची छापील प्रत सोबत न्या; तरी गुन्हा नोंदवला नाही तर तक्रार पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा आणि मग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. 'चारचौघांत' आणि 'हेतू' या दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात, म्हणून साक्षीदारांची नावं त्याच दिवशी लिहून ठेवा. मोबाइलवरचं रेकॉर्डिंग असेल तर मूळ फोन विकू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र त्यासोबत लागतं. पार्किंगची बाचाबाची झाली म्हणून हे कलम लावायला मात्र जाऊ नका. खोट्याचा वास आला की खरी रॅम्पची मागणीही त्यात बुडते.

वकिलाच्या फीची चिंता ताईंनी केली आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार येथे जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तालुक्याला समिती, फोन १५१००. नोकरी आहे म्हणून नकार दिला तर कलम १२ दाखवा.

भावाने या आठवड्यात करायचं ते एवढंच: टेप घेऊन पायऱ्यांची उंची आणि उपलब्ध जागा मोजायची, फोटो काढायचे, नगररचना विभागात माहिती अधिकाराचा अर्ज टाकायचा आणि सोसायटीला वरचा अर्ज देऊन पोच घ्यायची. तिसावा दिवस दिनदर्शिकेवर खूण करून ठेवा; आयुक्तांकडची तक्रार एकतिसाव्या दिवशी पोस्टात पडली पाहिजे.